दोन घड्याळांचा माणूस

मार्च लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. परीक्षा द्यायचं वय जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. परीक्षा घ्यायचं वयही सरलं. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले त्यालासुद्धा बराच काळ लोटला. तरी खालच्या मजल्यावरच्या मुलीचं मोठ्याने पाठांतर जिन्यातून वर यायला लागलं की मी उगाच उठते, गॅलरीत जाते, परत येते, पंखा वाढवते, कमी करते. हातातलं पुस्तक पन्नासाव्या पानाच्या पुढे सरकत नाही. चहा ठेवते आणि गाळायला विसरते.

यंदा त्यात भर पडली. आम्हा विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा फोनवर एक गट आहे. बहुतेकांचे केस पिकलेत, भांडणं मात्र कॉलेजातली आहेत. यंत्रमानवाला राग यावा की न यावा, यावरून दोन निवृत्त बँकवाले गेले वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. परवा तिथे कुणीतरी विचारलं, तुमचा सर्वांत आवडता अंतराळपट कोणता? माझी लहानपणची मैत्रीण जयू, आम्ही भांडुपला एकाच चाळीत वाढलो, तिने क्षणाचाही विचार न करता एका जुन्या इंग्रजी सिनेमाचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, ‘त्यातला दोन घड्याळांचा माणूस मी मरेपर्यंत विसरणार नाही.’

तासाभरात एका तरुण सभासदाने अगदी अदबीने कळवलं, की हा सिनेमा त्याने दोनदा पाहिलाय आणि दोन घड्याळांचा माणूस त्यात कुठेही नाही.

लगेच जयूचा फोन. “नलू, तू सांग ना गं त्या पोराला! आपल्या दोघींत तूच तर थेटरात जाऊन बघितलायस.”

पोराचं बरोबर आहे. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही आणि तेव्हापासून घरात फेऱ्या मारते आहे.

हा माणूस आमच्याच चाळीतल्या वसंताचा. माणूस चंद्रावर उतरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी आणि वसंत अकरावीला, म्हणजे एस.एस.सी.ला होतो. माझी पहिली वेळ, त्याची दुसरी, कारण आदल्या वर्षी तो इंग्रजीत गचकला होता. जयू आमच्याहून एक वर्ष मागे. तिघांनाही एकच वेड होतं. वाचनालयात खाकी कव्हर घातलेल्या बारीक बारीक कादंबऱ्या मिळायच्या. आतल्या पानावर अग्निबाण असायचा आणि मंगळावरची माणसं हिरवी असायची. जयूला यंत्रमानव आवडत. वसंताला कुठलंही यान चालायचं, फक्त ते लांब जायला हवं. मला ज्यात विज्ञान बरोबर असेल तेच आवडायचं. अशी पुस्तकं फार कमी होती, म्हणून मी समासात पेन्सिलीने चुका लिहीत असे. ‘हवा नाही तर धूर कसा?’ ‘वेग चुकला.’ वाचनालयाच्या काकांनी त्यावरून मला दोनदा झापलं होतं. जित्याची खोड, ती जाते कुठे! पुढे पस्तीस वर्षं मला याच कामाचा पगार मिळाला.

इंग्रजी सिनेमा रविवारी सकाळी घाटकोपरच्या एका थेटरात लागायचा. सगळ्यांना जाता येत नसे. मुलींना तर नाहीच. म्हणून आमच्याकडे एकाने जाऊन बघून यायचं आणि बाकीच्यांना स्टोरी सांगायची, अशी रीत होती. साऱ्या चाळींतून होती. पण बाकीचे ‘मग तो त्याला मारतो, मग ती रडते’ असं दहा मिनिटांत उरकून मोकळे होत. वसंताची गोष्ट वेगळी होती. हा इंग्रजी सिनेमा दोन तासांचा असेल. त्याने तो आम्हाला तीन आठवडे पुरवला.

फेब्रुवारीचा महिना, अभ्यासाची सुट्टी. संध्याकाळी कारखान्यांचे भोंगे होऊन गेले की त्याच्या दारासमोर गॅलरीत आम्ही बसत असू. मधोमध चिंचांचा ढीग. वसंताची आई, आमच्या काकी, वाण्याकडून चिंचा फोडायला आणायच्या. त्या दिवसांत चाळीतल्या निम्म्या बायका ते काम करत. आम्ही टरफलं काढायची, शिरा ओढायच्या, काकी चिंचोके काढून गोळे बांधायच्या. बोटं चिकट व्हायची आणि चोरून खाऊन खाऊन दात आंबायचे. मांडीवर पुस्तक उघडं असायचं, कुणी वरून बघितलंच तर अभ्यास चाललाय असं दिसावं म्हणून.

“तर काय झालं,” वसंत सुरू करायचा, “पाच माणसं, एक यान. निघाले. खाली पृथ्वी केवढी, तर आयेच्या त्या गोळ्याएवढी.”

“किती अंतरावरून?” मी.

“लांबून.”

“आणि इंजिनाचा आवाज बाहेरून कसा ऐकू आला? बाहेर हवाच नाहीये.”

“बाहेरून नाय आला. त्याच्या डोक्यात आला. तू गप गं नलू, वाट लावतेस.”

जयू मला चिमटा काढायची. आणि काकी, ज्यांनी आयुष्यात एक इंग्रजी सिनेमा पाहिला नव्हता, त्या मान खाली घालून विचारायच्या, “तेंका पाणी पुरता काय रे, इतक्या दिसांचा?”

त्या यानाला त्या बोट म्हणत. याचं कारण चाळीत कुणाला सांगायला नको होतं. वसंताचे वडील मालवाहू बोटीवर खलाशी होते. गणपती झाल्यावर गेले. दिवाळीला एक पत्र आलं, संक्रांतीला माणूस यायला हवा होता, तो आला नाही. सुएझचा कालवा बंद होता, बोटी सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जात, उशीर व्हायचाच असं बंदरावरच्या ऑफिसात सांगत. काकी दर आठवड्याला तिथे जाऊन तेच ऐकून येत. घरी मात्र त्या विषयावर अवाक्षर काढत नसत. चिंचांचं काम तेवढं दुप्पट आणायला लागल्या होत्या.

आणि मग वसंताच्या गोष्टीत तो आला. यानातला इंजिनवाला. दोन्ही मनगटांना घड्याळं बांधणारा. उजव्या हाताचं यानाचं, डाव्या हाताचं घरचं. बाकीचे चौघे खिडकीतून ग्रह बघायचे, हा डावं मनगट बघायचा. “आता घरी नळाला पाणी आलं असेल,” तो म्हणायचा. “आता दिवे लावले असतील.” मग रेडिओपाशी जाऊन घरच्या माणसांची नावं घ्यायचा, एकेक करून. तिकडून कुणी बोलत नव्हतं. तो उद्या पुन्हा नावं घ्यायचा. वसंत हे सांगताना आवाज चढवत नसे, हातवारे करत नसे. चिंच सोलता सोलता सांगायचा. मी त्या माणसावर एकही शंका काढली नाही. मला तो फार आवडला होता, हे आज कबूल करते.

यान बिघडलं. दुरुस्त झालं. वादळात सापडलं. मी म्हटलं अंतराळात वादळ नसतं, वसंत म्हणाला, “धुळीचं होतं.” तिसऱ्या आठवड्यात त्याने यान घराकडे वळवलं. काकी रोज विचारू लागल्या, “खंय पावली?” तो रोज थोडं थोडं जवळ आणत होता.

आता इथेच सांगून टाकते. वसंताचे वडील परत आले. पुढच्या श्रावणात. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरात आजारी पडून इस्पितळात होते, बोट त्यांना ठेवून पुढे गेली होती, दुसऱ्या बोटीने आले. हाडांचा सापळा झाला होता, पण आले. उत्कंठा ताणून धरणं मला जमत नाही, ते वसंताचं काम. आणि ते आले एवढ्याने माझी सुटका होत नाही. मला आठवतात ते श्रावणाच्या आधीचे दिवस.

तोच सिनेमा मार्चच्या सुरुवातीला मुलुंडच्या थेटरात आला. माझा मामा तिथे राहायचा. पूर्वपरीक्षेत गणितात पहिली आले म्हणून त्याने बक्षीस विचारलं आणि मी सिनेमा मागितला. आईने कपाळावर हात मारला, तरी मामा मला घेऊन गेला. थेटरात पंखे गरगरत होते, पडदा एका कोपऱ्यात फाटलेला होता. मी पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून बसले होते. पाच माणसं आली. यान आलं. मी इंजिनवाल्याची वाट बघत होते. इंजिनवाला होता, लाल केसांचा, दोन वाक्यं बोलला. घड्याळ एकही नाही. वाटलं, पुढे येईल. सगळा सिनेमा मी एका माणसाची मनगटं बघत काढला. शेवटी रेडिओ मरतो, इंधन संपतं, पाचही जण त्या ग्रहावरच राहतात. आभाळ दिसतं आणि दिवे लागतात.

मामाने विचारलं, “काय गं, आवडला का?” मी रागाने लाल झाले होते. मला फसवलं गेलं होतं. आणि खोटं सांगू नये, त्या रागाच्या खाली एक उकळीही फुटत होती. मला चूक सापडली होती, आणि केवढी मोठी!

त्याच संध्याकाळी गॅलरीत वसंताचं यान पृथ्वीच्या अगदी जवळ आलं होतं. काकींनी विचारलं, “कधी पावतली?”

“पावतली. दोन दिसांत पावतली.”

“नाही पोचत,” मी म्हटलं. “मी आज बघून आले. मुलुंडला. यान परत येतच नाही. सगळे तिथेच राहतात. आणि दोन घड्याळांचा माणूस तर त्यात नाहीच आहे. सगळं याच्या मनाचं.”

जयू म्हणाली, “चल, काहीतरीच.” तिने ते आजवर खरं मानलेलं नाही. वसंत माझ्याकडे बघत राहिला. त्याने नाही म्हटलं नाही.

काकी म्हणाल्या, “असां?” हातातली चिंच ढिगात टाकून म्हणाल्या, “बरां. भात टाकूक होयो.” आणि आत गेल्या.

सोळा वर्षांच्या मुलीला एवढं कळायला हवं. मला कळत होतं, हेच वाईट. बंदरावरचं ऑफिस, न आलेलं पत्र, ती ‘बोट’, सगळं मला ठाऊक होतं. पण चूक दिसली की ती बोलून मोकळं व्हायचं, दुसरं काही मला सुचतच नसे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझ्या बाबतीत आयुष्यभर खरं ठरलं. नवऱ्याच्या बाबतीत, मुख्याध्यापकांच्या बाबतीत, मुलाच्या बाबतीत. पण सुरुवात तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी जिन्यात वसंताला गाठलं. भांडायलाच गेले होते. म्हटलं, खोटं का सांगितलंस?

तो कठड्याला टेकून उभा होता. “मला इंग्रजी येत नाय, तुला म्हायत आहे. तूच शिकवतेस. त्या पिक्चरमधलं एक वाक्य मला कळलं नाय. पण यान परत येत नाय हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? ते मला तिथे खुर्चीतच कळलं.” मग म्हणाला, “घरी आलो तर आये दारात. म्हणाली, कसलो पिक्चर होतो? बोटीचो? आता तूच सांग यार, काय सांगायचं होतं मी?”

तो खाली निघून गेला.

त्यानंतर गॅलरीत काकी एकट्या चिंचा फोडत. परीक्षा सुरू झाली. मी पहाटे उठून छत्तीस वेळा वाचलेलं सदतीसाव्यांदा वाचत होते आणि काही आत जात नव्हतं. चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. काकींच्या दारापाशी आले की पावलं भराभर टाकायचे. आईला वाटलं मुलीने पेपरचा धसका घेतला. तिने दृष्ट काढली. इंग्रजीच्या आदल्या दिवशी वसंत माझ्याकडे येईल म्हणून दुपारभर वह्या मांडून बसले होते. तो आला नाही. पेपरच्या वेळी खिडकीतून मला त्याचा वर्ग दिसत होता. माझी पुरवणी दोऱ्याने बांधून झाली तेव्हा त्याची जागा रिकामी होती, तासभर आधीच उठून गेला होता. जूनमध्ये निकाल लागला, तो पुन्हा इंग्रजीत गेला. मग त्याने परीक्षेचा नाद सोडला आणि हमरस्त्यावरच्या एका कारखान्यात लागला.

याचं पाप माझ्या माथी किती आणि त्याच्या आळसाच्या माथी किती, हा हिशेब मी मांडून पाहिला आहे. बरोबर उत्तर येत नाही.

पुढे टीव्ही आला. चाळीत पहिल्यांदा एकांच्या घरी, मग दोघांच्या. त्यावर दर आठवड्याला एक इंग्रजी मालिका लागायची, अंतराळयानाचीच. दारात चपलांचा खच पडायचा. मी आणि जयू पुढे बसायचो. यान चकचकीत होतं, दरवाजे आपोआप उघडायचे, ग्रहावर उतरलेली माणसं नीट भांग पाडलेली होती. वसंताची तेव्हा दुसरी पाळी असायची, तो नसायचा. मालिका संपली की मला चुकल्यासारखं व्हायचं. यानातली माणसं सारखी पुढे जायची, नवे ग्रह, नवे शत्रू. त्यांच्यापैकी कुणाला घरी किती वाजले असतील असा प्रश्न पडत नसे. “बोअर आहे ना गं?” जयू हळूच म्हणायची. त्या वयात ते मोठ्याने म्हणायची आमची हिंमत नव्हती, साऱ्या भांडुपात ती मालिका गाजत होती.

त्यानंतर मी किती वाचलं, किती पाहिलं! जगातलं नाणावलेलं सगळं. आमच्या गटात आवडत्यांच्या याद्या निघतात तेव्हा माझी यादी सगळ्यांत काटेकोर असते. प्रत्येक नावापुढे कारण असतं, कुठे विज्ञान पक्कं आहे, कुठे लेखक घसरला. त्या यादीत पहिला क्रमांक मी नेहमी मोकळा सोडते. लोकांना वाटतं, म्हातारीला काहीच पसंत पडत नाही. जो सिनेमा वसंताच्या तोंडून ऐकला तो कुठल्या पडद्यावर लागलाच नाही, त्याचं नाव काय लिहू?

शेवटचा पेपर झाला त्या दुपारचं अजून सांगायचं राहिलं आहे. खरं तर तेच सांगायला बसले होते आणि मघापासून टाळते आहे.

भूगोल होता. पेपर देऊन घरी आले. ऊन तापलं होतं, गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. काकी दारात बसल्या होत्या. मी नेहमीसारखी भराभर निघाले होते, तेवढ्यात हाक आली.

“नलू, हंय ये गो. बस.”

मी बसले. हात आपोआप चिंचेकडे गेला. त्या सकाळीच बंदरावर जाऊन आल्या होत्या. दारामागे बाहेर जायचं लुगडं वाळत होतं. काय झालं ते विचारायचं धैर्य मला नव्हतं.

“परतीचां सांग माका,” काकी म्हणाल्या.

“काकी, मी सांगितलं ना त्या दिवशी... येतच नाही ते.”

“तां मी आयकलंय. आता परतीचां सांग.” त्यांनी एक चिंचोका बाजूला टाकला. “वसंत सांगता तो माझो झील, माका बरां वाटूचा म्हणान सांगता. तू खोटां बोलणस नाय. ह्यां सगळ्या चाळीक ठावक आसा. म्हणान तुज्या तोंडातसून आयकूचां आसा माका.”

माझ्या सगळ्या आयुष्यात इतका अवघड प्रश्न कुणी घातला नाही. माझ्या खरेपणाला काही किंमत होती ती त्या क्षणी कळली, आणि तो कशासाठी मोडायचा तेही.

“यान पृथ्वीच्या वातावरणात येतं,” मी सुरू केलं. “हवेशी घर्षण होतं. त्यामुळे बाहेरचं आवरण तापतं. मग वेग कमी होतो.”

“मगे?”

“मग छत्र्या उघडतात. मोठ्या. यान समुद्रात पडतं. मग ते लोक बाहेर येतात.”

“कितके?”

“पाच.”

“पाचय? तो घड्याळांचो?”

“तोसुद्धा. पाचही जण.”

पेपरात उत्तर लिहावं तसं मी सांगत होते, मुद्द्याला मुद्दा लावून. काकी कान देऊन ऐकत होत्या, पण त्यांच्या तोंडावर काही उमटत नव्हतं. मला रडू येत होतं. एक खोटं बोलायचं, तेही धड जमत नव्हतं.

“तसां नाय, आये.” आतून आवाज आला. वसंत घरातच होता, खाटेवर पडलेला. तो दारात आला. माझ्याकडे बघून म्हणाला, “तुला सांगता येत नाय तर कशाला सांगतेस गं? समुद्रात कशाला पडेल? काय बुडायला आलेत एवढ्या लांबून?” तो आमच्यात येऊन बसला आणि चिंचांचा अर्धा ढीग त्याने आपल्याकडे ओढला. “यान धक्क्याला लागलं. सकाळची वेळ. आधी भोंगा दिला, लांब. मग धक्क्यावरच्या माणसांनी दोर टाकले.”

यान धक्क्याला लागतं कसं, हे मी विचारलं नाही.

“माणसां इली होती धक्क्यार?” काकींनी विचारलं.

“इली तर! पाय ठेवूक जागा नाय. आणि पयलो कोण उतारलो? हो आमचो इंजिनवालो. खांद्यार पेटी. उतारलो तो खंय बघणा नाय, सरळ चलता.”

काकींचे हात चालूच होते. पण त्यांनी मान वर केली आणि वसंताकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“होय गो, नलू?”

“हो काकी,” मी म्हटलं. “मी बघितलंय.”